नंदी खोऱ्यातील द्राक्षभूमी : उंची, दगड आणि पाणी यांच्या आधारे एका दिवसाची अभ्यासभेट

या टिपणाचा हेतू

बंगळुरूत शिकणारा विद्यार्थी वर्षातून एकदा तरी नंदी टेकडीवर जातो. पहाटे चारला निघायचे, घाटात गाड्यांच्या रांगेत थांबायचे, ढगांवर उगवणाऱ्या सूर्याचा फोटो काढायचा आणि नऊच्या आत परत फिरायचे, असा तो ठरलेला कार्यक्रम असतो. काही वर्षांपूर्वी मीही माझ्या वर्गाला असेच नेऊन आणले. परतताना दिंडोरीकडच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, खाली रस्त्याच्या कडेला द्राक्षाचे मांडव दिसले. आमच्याकडे असतात तसेच. इथे द्राक्षे का होतात?" माझ्याकडे नीट उत्तर नव्हते. ते शोधताना लक्षात आले की द्राक्षे इथे का आहेत, देऊळ इथे का आहे आणि किल्ला इथे का आहे, हे तीन वेगळे प्रश्न नाहीत. त्यांची उत्तरे एकाच भूगोलात आहेत.

हे टिपण वाचून विद्यार्थ्याला पुढील गोष्टी करता याव्यात :

१. द्राक्षशेती आणि उंची यांचा संबंध साध्या गणिताने मांडणे.
२. नंदी परिसरातील पाच ऐतिहासिक स्थळे कालक्रमाने ओळखणे.
३. प्रत्येक स्थळी पाण्याची सोय कशी केली होती, याचे निरीक्षण नोंदवणे.
४. आजच्या पाणीप्रश्नाशी त्या निरीक्षणाची सांगड घालणे.

वारुणी चाखणे हा या अभ्यासाचा भाग नाही. भेट देणाऱ्यांपैकी बरेच जण कायद्याने ठरवलेल्या वयाच्या आतले असतात, आणि वेल, दगड व पाणी पाहायला त्याची गरजही नाही.

१. द्राक्षाला काय लागते?

जगातल्या बहुतेक प्रसिद्ध द्राक्षभूमी ३० ते ५० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात आहेत. जर्मनीतील ऱ्हाइन आणि मोझेल नद्यांची खोरी या पट्ट्याच्या अगदी उत्तर टोकाला, ५० अंशांच्या आसपास येतात. तिथे वेलीला ऊब कमी पडते. म्हणून शेतकरी दक्षिणेकडे तोंड असलेल्या तीव्र उतारांवर वेली लावतात. मोझेलच्या उतारांवरचा पाटीचा काळा दगड दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता वेलींना देतो. अशा प्रदेशात फिरताना बागांच्या जोडीला इतिहासही दिसतो. मोझेलकाठच्या ट्रिअर शहरात रोमन वेस उभी आहे, तर ऱ्हाइनकाठी ११३६ मध्ये स्थापन झालेला एबरबाख मठ आहे. तिथल्या साधूंनी शतकानुशतके द्राक्षे पिकवली. नदी, उतार आणि दगड यांनीच तिथे शेती कुठे होईल आणि वस्ती कुठे वसेल हे ठरवले.

नंदी खोरे सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथली अडचण नेमकी उलटी आहे. ऊब भरपूर आहे, कमी आहे तो गारवा. तो मिळतो उंचीमुळे. हवेचे तापमान दर १००० मीटर उंचीमागे सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने घटते असे धरले, तर :

- पायथ्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर. घट = ०.९ × ६.५ = सुमारे ५.९ अंश.
- नंदीचा माथा १४७८ मीटर. बंगळुरू शहर सुमारे ९२० मीटर. फरक ५५८ मीटर. घट = ०.५५८ × ६.५ = सुमारे ३.६ अंश.

म्हणजे त्याच अक्षांशावरच्या किनाऱ्यापेक्षा हे पठार साधारण सहा अंशांनी गार असते. दिवसाच्या उन्हात मण्यांत साखर भरते आणि रात्रीच्या गारव्यामुळे त्यांतले आम्ल टिकून राहते. चांगल्या द्राक्षाला या दोन्ही गोष्टी लागतात. नाशिकही अशाच कारणाने द्राक्षाचा जिल्हा झाला. तो सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, पण अधिक उत्तरेला असल्यामुळे तिथली हिवाळी रात्र चांगलीच थंड असते.

दुसरा फरक छाटणीचा. जर्मनीत हिवाळ्यात वेल झोपी जाते. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करून तिला शिस्त लावतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यामुळे नव्या काड्या तयार होतात. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते. तिच्यानंतर घड लागतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी येते. नाशिकच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला हे पाठ असते. नंदीच्या पायथ्याला वारुणीच्या द्राक्षांसाठी साधारण हाच क्रम चालतो.

२. या खोऱ्यातील दोन प्रकारच्या वेली

पहिली 'बेंगलोर ब्लू'. जाड सालीचे, बियांचे, गर्द जांभळे आणि उग्र सुवासाचे हे द्राक्ष बंगळुरू, चिक्कबळ्ळापूर आणि कोलार या भागांत वर्षातून दोन पिके देते. याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. याचा उपयोग मुख्यतः रस, जॅम आणि गोड वारुणीसाठी होतो. अमेरिकी वंशाचे रक्त असल्यामुळे त्याला एक खास वास येतो आणि युरोपीय पद्धतीच्या वारुणीला तो चालत नाही.

दुसरी फ्रेंच जातींची वेल. कंवल ग्रोव्हर यांनी फ्रान्समधील शॅम्पेन प्रदेशाचे जॉर्ज व्हेसेल यांच्या सल्ल्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस दोड्डबळ्ळापूर परिसरात अशा वेली लावल्या. पुढे २०१२ मध्ये या उद्योगाचे नाशिक जिल्ह्यातील एका उद्योगाशी एकत्रीकरण झाले आणि 'ग्रोव्हर झांपा' हे नाव आले. नंदी आणि नाशिक या दोन द्राक्षभूमी अशा एका धाग्याने जोडल्या गेल्या. महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रियेचे धोरण २००१ मध्ये आणले, कर्नाटकाने २००७ मध्ये.

बाग पाहायला आधी नोंदणी करावी. मांडव आणि तारेवर चढवलेल्या रांगा यांत फरक काय, ठिबकच्या नळ्या कुठून येतात आणि कूपनलिका किती खोल आहे, हे तीन प्रश्न तिथल्या कामगारांना जरूर विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाकडे आपण शेवटी परत येऊ.

३. पहिले स्थळ : देवनहळ्ळी

विमानतळाच्या पलीकडे, शहरापासून साधारण ४० किलोमीटरवर हे गाव आहे. १५०१ मध्ये मल्लबैरे गौडा या स्थानिक नायकाने इथे मातीचा किल्ला बांधला. हैदर अलीच्या काळात त्याला दगडी रूप आले. भिंतीत थोड्या थोड्या अंतरावर अर्धगोल बुरूज आहेत आणि आत आजही वस्ती नांदते. किल्ल्यातील वेणुगोपाल मंदिराच्या बाह्य भिंतीवर रामायणातील आणि कृष्णचरित्रातील प्रसंग कोरले आहेत. किल्ल्याजवळच टिपू सुलतानच्या जन्मस्थानी छोटे स्मारक आहे.

इथे पाहण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे चकोत्रा. देवनहळ्ळीच्या या मोठ्या आंबटगोड फळालाही भौगोलिक मानांकन आहे. फळबागांची परंपरा इथे द्राक्षाने सुरू झाली नाही, हे त्यावरून कळते.

४. दुसरे स्थळ : भोगनंदीश्वर

नंदी टेकडीच्या पायथ्याला नंदी नावाचेच गाव आहे. सूर्योदयाचे प्रवासी या गावाला वळसा घालून घाटाला लागतात आणि या परिसरातले सर्वांत मोलाचे स्थळ पाहायचे राहून जाते. भोगनंदीश्वर मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. त्याचे सर्वांत जुने लेख नवव्या शतकाच्या आरंभीचे, इ.स. ८०६ ते ८१० च्या सुमाराचे, नोळंब आणि बाण राजांच्या काळातले आहेत. पुढे गंग, चोळ, होयसळ आणि विजयनगर अशा एकामागून एक सत्तांनी इथे भर घातली.

प्रांगणात दोन मोठी देवळे शेजारी शेजारी आहेत. दक्षिणेला अरुणाचलेश्वर, उत्तरेला भोगनंदीश्वर. दोहोंच्या मधे उमामहेश्वराचे लहान देऊळ आहे आणि त्याच्या पुढ्यात काळ्या दगडाच्या चार नाजूक खांबांचा कल्याणमंडप. परंपरा अशी की अरुणाचलेश्वर हे शिवाचे बालरूप, भोगनंदीश्वर हे तारुण्याचे रूप आणि टेकडीच्या माथ्यावरचा योगनंदीश्वर हे विरक्त रूप. म्हणून उत्सव खाली होतात, वर होत नाहीत.

महाराष्ट्रातून आलेल्यांनी इथे दगडाकडे पाहावे. नाशिकचा दगड बेसाल्ट, थरांचा. तो डोंगरातच कोरता येतो, म्हणून तिथे पांडवलेणी झाली. इथला दगड ग्रॅनाइटसारखा कठीण, प्रचंड गोलाकार धोंड्यांचा. तो फोडून, घडवून, रचून देऊळ उभारावे लागते. बारीक नक्षीच्या जागी कारागिरांनी वेगळा, काळा आणि घोटीव दगड वापरला. त्याच नवव्या शतकाच्या उंबरठ्यावर राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या गोविंदाचा एक ताम्रपट नाशिककडच्या वणी-दिंडोरीच्या नावाने ओळखला जातो, आणि त्याची सत्ता या दक्षिण पठारापर्यंत पोचलेली होती. आजच्या दोन्ही द्राक्षभूमी बाराशे वर्षांपूर्वी एकाच राजकीय छत्राखाली होत्या.

मंदिराला लागून शृंगीतीर्थ ही पुष्करिणी आहे. चारही बाजूंनी पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरतात. पायऱ्यांच्या रचनेमुळे पाणी कितीही खाली गेले तरी तिथवर पोचता येते, आणि कोणती पायरी उघडी पडली यावरून साठा किती उरला हेही कळते. पुष्करिणी ही अशा रीतीने एक मोजपट्टीसुद्धा आहे. दक्षिण पिनाकिनीचा उगम इथे मानतात.

५. तिसरे स्थळ : नंदीदुर्ग

घाटाने किंवा सुलतानपेट गावाकडून पायऱ्यांच्या वाटेने वर जाता येते. चिक्कबळ्ळापूरच्या नायकांनी तटबंदी केली, हैदर आणि टिपू यांनी ती बळकट केली. तिसऱ्या म्हैसूर युद्धात हा गड इंग्रजांना हवा होता, कारण बंगळुरूहून उत्तरेला निजामाच्या मुलुखाकडे जाणाऱ्या रसदीच्या मार्गावर त्याची नजर होती. सुमारे तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर १९ ऑक्टोबर १७९१ रोजी तो पडला. या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा इंग्रजांच्या बाजूने होत्या, हे आपण विसरू नये.

माथ्यावर योगनंदीश्वराचे देऊळ, टिपूचे उन्हाळी निवासस्थान, टिपूचा कडा आणि म्हैसूरचे आयुक्त मार्क कबन यांचा बंगला आहे. कड्यावरून कैद्यांना लोटत असत अशी आख्यायिका सांगतात. १९८६ मध्ये बंगळुरूला सार्क शिखर परिषद भरली तेव्हा दक्षिण आशियातील नेते इथेही आले होते. पण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने सर्वांत जास्त वेळ अमृत सरोवरापाशी घालवावा. पाण्याशिवाय गड झुंजू शकत नाही. झऱ्याचे आणि पावसाचे पाणी उतारावरून या पायऱ्यांच्या तलावात कसे आणले आहे, त्याचा आराखडा प्रत्येकाने वहीत काढावा. रायगडावरचा गंगासागर किंवा सिंहगडावरचे देवटाके ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल.

६. चौथे स्थळ : मुद्देनहळ्ळी

नंदी टेकड्यांच्या सावलीतल्या या खेड्यात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म झाला. त्यांचे घर आज संग्रहालय आहे आणि समाधीही इथेच आहे. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपण अभियंता दिन म्हणून पाळतो.

त्यांची घडण मात्र महाराष्ट्रात झाली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, त्यांनी १८८३ मध्ये अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने दिली. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात ते सहायक अभियंता झाले आणि पहिली नेमणूक मिळाली ती नाशिकला. खानदेशात पांझरा नदीच्या पाण्यासाठी त्यांनी नळाचा सायफन बांधला. पांझरेकाठची फड पद्धत, जिथे गाव मिळून पाणी वाटून घेते आणि पाटकरी प्रत्येकाचा वाटा सोडतो, ती याच भागातली. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी पाणी पाळीपाळीने देणारी ब्लॉक पद्धत आणली आणि खडकवासल्याला १९०३ मध्ये स्वयंचलित दरवाजे बसवले. एका द्राक्षभूमीत जन्मलेला अभियंता दुसऱ्या द्राक्षभूमीत पाण्याचे काम शिकला. अर्थात त्या वेळी यांतली एकही द्राक्षांसाठी ओळखली जात नव्हती.

७. पाचवे स्थळ : परतीच्या वाटेवर मल्लेश्वरम्

ज्या दोड्डबळ्ळापुराभोवती आज फ्रेंच वेली आहेत, तो भाग सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीत होता. १६३८ नंतर विजापूरकरांनी त्यांना बंगळुरू दिले. कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे हे भागही त्या जहागिरीत मोडत. बंगळुरूच्या त्यांच्या दरबारात अनेक भाषांचे कवी होते. जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'त त्याचे वर्णन आहे, आणि इतिहासाचार्य राजवाडे यांनी हा ग्रंथ संपादित केला.

परतताना मल्लेश्वरम् येथील काडु मल्लेश्वर मंदिर पाहावे. शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी १६६९ मध्ये या देवाला एक गाव इनाम दिल्याचा शिलालेख इथे आहे. लेख कन्नडमध्ये आहे. मराठी राजा, कन्नड लेख आणि शिवाचे देऊळ, अशी ही जोड त्या काळात कोणाला विचित्र वाटली नसावी.

८. पाणी : या भेटीचा खरा प्रश्न

नंदीच्या टेकड्यांतून अर्कावती, उत्तर पिनाकिनी, दक्षिण पिनाकिनी आणि चित्रावती या नद्या निघतात असे मानले जाते. एका डोंगररांगेतून चारी दिशांना नद्या जातात, म्हणजे हा पठाराचा माथा आहे. माथ्यावर पाणी थांबत नाही, ते थांबवावे लागते. म्हणून इथल्या लोकांनी शेकडो वर्षे तलावांच्या साखळ्या बांधल्या. तलाव म्हणजे केरे. तो भरला की जादा पाणी कोडीवरून वाहून खालच्या केरेत जाते. शेताला पाणी तूबुमधून सोडतात, आणि ते काम करणारा गावकामगार म्हणजे नीरगंटी. आपल्या पाटकऱ्याचा हा सख्खा भाऊ.

अर्कावतीवर १८९४ मध्ये हेसरघट्टा आणि १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी हे जलाशय झाले आणि नंदीकडचे पाणी बंगळुरू शहर पिऊ लागले. आज चित्र उलटे आहे. अर्कावती वर्षातला बहुतेक काळ कोरडी असते. कोलार आणि चिक्कबळ्ळापूर हे जिल्हे भूजलाचा अतिउपसा झालेले म्हणून नोंदले गेले आहेत. कूपनलिका कित्येक ठिकाणी हजार फुटांपलीकडे गेल्या आहेत. पुरेसे पाणी न मिळाल्याने शहराचेच सांडपाणी प्रक्रिया करून या जिल्ह्यांच्या तलावांत पंपाने चढवले जाते. कोरमंगल-चल्लघट्टा खोऱ्याचे पाणी २०१८ पासून कोलारकडे जाऊ लागले, आणि हेब्बाळ-नागवारा खोऱ्याचे चिक्कबळ्ळापूरकडे. हे पाणी पिण्यासाठी नाही. तलाव भरून भूजल वाढवणे हा त्यामागचा उद्देश आहे.

यावर दोन मते आहेत आणि दोन्ही ऐकावीत. एका बाजूचे म्हणणे असे की कोरड्या तलावांत पाणी दिसू लागले, विहिरींना जीव आला आणि एरवी वाया जाणारे सांडपाणी कामी आले. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की दुसऱ्या टप्प्यापर्यंतची प्रक्रिया पुरेशी नाही. जे पाणी मुरून शेवटी पिण्याच्या विहिरीत जाणार, त्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया झालीच पाहिजे. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. पण परीक्षेत मत लिहिताना ते आकड्यांच्या आधारे लिहावे, माझ्या आधारे नव्हे.

द्राक्षबागांचा दोष इथे एकट्यांचा नाही. ठिबकवर द्राक्षाला लागणारे पाणी मोजून देता येते, आणि वारुणीच्या वेलीला तर थोडा ताण दिलेलाच बरा असतो. पण मोजून दिलेले पाणीही कुठून तरी उपसलेलेच असते. शृंगीतीर्थाची उघडी पडलेली पायरी सगळ्या गावाला दिसायची. हजार फूट खालची पातळी कोणालाच दिसत नाही. जुनी आणि नवी व्यवस्था यांतला हाच सर्वांत मोठा फरक आहे.

दिवसाचा क्रम

- सकाळी ७ : देवनहळ्ळी किल्ला
- ९ : भोगनंदीश्वर आणि शृंगीतीर्थ
- ११ : नंदीदुर्ग, अमृत सरोवर, जेवण
- २ : मुद्देनहळ्ळी संग्रहालय
- ३.३० : दोड्डबळ्ळापूर रस्त्यावरील द्राक्षबाग
- ६ : काडु मल्लेश्वर, मल्लेश्वरम्

सुट्टीच्या दिवशी घाटात गर्दी असते, म्हणून मधला वार निवडावा. संग्रहालय आणि बाग यांच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात.

स्वाध्याय

१. तुमचे गाव समुद्रसपाटीपासून किती उंच आहे? वरील पद्धतीने त्याच अक्षांशावरील किनाऱ्याशी तापमानाचा फरक काढा.
२. शृंगीतीर्थ आणि अमृत सरोवर यांचे आराखडे काढून पाणी कुठून येते व जादा पाणी कुठे जाते ते दाखवा.
३. खरड छाटणी आणि गोडी छाटणी यांची गरज जर्मनीत का पडत नाही? पाच ओळींत लिहा.
४. नाशिक परिसरासाठी अशीच एका दिवसाची भेट आखा. किमान तीन ऐतिहासिक स्थळे, एक द्राक्षबाग आणि एक जुनी पाणीव्यवस्था घ्या.
५. तुमच्या गावातील विहिरींची पातळी सर्वांना दिसेल अशी एक साधी, स्वस्त खूण सुचवा.

पाचव्या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नाही. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पायऱ्या रंगवायच्या आणि दर महिन्याला विहिरीची पातळी मोजून त्या पायरीवर खूण करायची, असे सुचवले होते. मी तिला पूर्ण गुण दिले.